वीस मिलिमीटर

"किती वाजले गं?" अप्पांनी विचारलं, आणि चप्पल काढता काढता मी एका पायावर तशीच उभी राहिले. कुणाच्याही वडिलांनी रोज विचारावा असा साधा प्रश्न. पण माझ्या वडिलांनी तो आजवर कुणालाही विचारलेला नव्हता. अप्पा घड्याळजी. एक्केचाळीस वर्षं बाजारातल्या कपाटाएवढ्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, लोकांच्या मनगटावरची वेळ दुरुस्त करत बसलेला माणूस. वेळ लोकांनी त्यांना विचारायची, त्यांनी लोकांना नाही. आई गेली तेव्हासुद्धा डॉक्टरांच्या आधी यांनीच घड्याळाकडे बघून सांगितलं होतं, सहा वाजून बावीस मिनिटं, आणि मग रडायला बसले होते. आणि आता समोर चार हातांवर, त्यांनी स्वतः टांगलेलं थाळीएवढं घड्याळ टिकटिकत असताना ते माझ्याकडे तोंड करून विचारत होते, किती वाजले. माझ्याकडे म्हणजे माझ्या जरा डावीकडे. दाराच्या कडीकडे. "सव्वासहा," मी म्हटलं. "हां, मला वाटलंच," असं म्हणून ते उगाचच हसले.

भीती वाटली की मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मी त्यांच्या नाकासमोर बोटं धरली. "हे किती?" "मला काय शाळेत घातलंयस?" ते खेकसले, आणि आपल्याला सगळं दिसतंय हे दाखवायला ताडकन उठले, ते थेट टेबलाच्या कोपऱ्यावर. "हे टेबल कुणी हलवलं?" एकोणीस वर्षं ते टेबल जागचं हललेलं नाही. मी त्यांना खाली बसवलं. त्यांना काचबिंदू आहे, नऊ वर्षांपासून. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात खात आत येते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. त्यावर थेंब असतात, सकाळी एक, रात्री एक, जन्मभर. अप्पा ते स्वतः घालायचे. हात इतका स्थिर की गालावर कधी ओघळ यायचा नाही. "थेंब घालताय ना?" मी विचारलं. ते गुडघा चोळत राहिले. "अप्पा, थेंब?" "बंद केलेत," ते म्हणाले. "झाले की पाच महिने. हे दुसरं औषध घेतोय ना, पोटात घ्यायचं. ते मुळावर काम करतं." कपाटावरच्या हिरव्या बाटलीकडे त्यांनी हात केला. ती बाटली मी पाच महिने रोज बघत होते. खोकल्याचं औषध समजून दोनदा ती उचलून तिच्याखालची धूळसुद्धा पुसली होती. काय म्हणावं मला? दिवसभर दुसऱ्यांच्या घरात काय दाखवलं जातं हे बघायचं माझं काम, आणि माझ्या घरात काय चाललंय ते मला बाटली उचलूनही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि जरा मोकळं वाटलं असतं. पण त्या शांतपणे अप्पांची हनुवटी यंत्रावर टेकवत राहिल्या, आता वर बघा, आता इकडे, ठिपका दिसला की बटण दाबा. अप्पा बटण हातात धरून बसले होते. कितीतरी वेळ ते बटण दाबतच नव्हते. मी मागे खुर्चीवर बसून ते न वाजणारं बटण ऐकत होते. मग बाईंनी नजरेचा नकाशा माझ्यासमोर धरला, सगळा काळा. "डावा गेला. उजव्यात एवढं उरलंय," आणि त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून बांगडीहूनही लहान गोल केला. "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं." "पाच महिन्यांत एवढं?" "आधीच काठावर होते. थेंबांनी धरून ठेवलं होतं." मग त्या अप्पांकडे वळल्या. "आजोबा, थेंब बंद करायला कुणी सांगितलं?" अप्पांनी मान ताठ केली. "टीव्हीवर डॉक्टर असतात. दुपारी दीडला." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "या महिन्यातले तुम्ही चौथे," त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला, "अहो, कुणी बघतं की नाही हे सगळं? कुणाचं कामच नाही का हे?"

आहे. माझं आहे. मी म्हटलं नाही. मी नवीन थेंबांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. टॅक्सीत अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते, बाहेर बघत असल्यासारखे, आणि मी त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होते. दुपारी दीड. पांढऱ्या कोटातला तो माणूस, मागे पुस्तकांचं कपाट, आणि शेजारी गोड आवाजाची ती बाई, समोरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना आई-बाबा म्हणणारी. "आई, बाबा, हे रोजचे थेंब तुमच्या डोळ्यांना आळशी करतात." मग एक आजी येतात, पर्समधून थेंबांची बाटली काढतात आणि सगळ्यांसमोर ती कचऱ्याच्या डब्यात टाकतात. टाळ्या. मला ते पाठ होतं. सात महिन्यांपूर्वी तो कार्यक्रम माझ्या टेबलावर आला होता आणि मी तो तपासला होता. नुसता तपासला नव्हता, पास केला होता.

आमचं सरकारी, टीव्हीचे कार्यक्रम तपासायचं खातं म्हणजे दुसरा मजला, खिडक्यांना काळा कागद, ओळीने बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि पडद्यासमोर कानात इअरफोनची बोंडं घातलेली एक बाई नाहीतर बुवा. लोक थकून घरी आल्यावर जे बघतात ते आम्ही दिवसभर बघतो आणि थकून घरी जातो. म्हणून घरी टीव्ही लागला की मी स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते. नियमांचं पुस्तक विटेएवढं आहे. त्यातला माझा भाग सूचनेच्या पट्टीचा. कार्यक्रम विकत घेतलेल्या वेळेतली जाहिरात असेल तर तसं सांगणारी पट्टी पडद्याच्या तळाशी हवी, आणि तिची उंची पडद्याच्या उंचीच्या एक विसांश हवी. आमचे पडदे चाळीस सेंटिमीटर उंच. म्हणजे पट्टी वीस मिलिमीटर. सुरुवातीला दहा सेकंद, शेवटी दहा सेकंद. मोजायला यंत्र मागवायचं आठ वर्षं चाललंय, तोवर माझी स्टीलची फूटपट्टी. खातंभर मला फूटपट्टीच म्हणतात. "फूटपट्टी आल्या, सरळ बसा रे." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? बाकीचे अंदाजपंचे बरोबरची खूण करून मोकळे होतात, मी चित्र थांबवते, उठते, पट्टी काचेला टेकवते, डोळा तिच्या पातळीवर आणते आणि मग आकडा लिहिते. ही सवय अप्पांची. काम नजरेच्या पातळीवर घ्यावं, हे त्यांचं वाक्य.

तर त्या दिवशी मी चित्र थांबवलं. वीस मिलिमीटर. बेट्यांनी बरोब्बर वीस दिले होते, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. दहा सेकंद, दहा सेकंद. पण पट्टी वीसची आणि तिच्यातली अक्षरं चारची. पांढऱ्यावर फिकट राखाडी. "ही जाहिरात आहे, दावे उत्पादकाचे, वैद्यकीय सल्ला घ्या." मला वाचता यावं म्हणून मी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं होतं. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं, की हा डोळ्यांच्या औषधाचा कार्यक्रम. हा बघणार कोण? ज्यांना दिसत नाही ते. आणि त्यांनी वाचायची ही पट्टी. मला हसू आलं. हो, हसू! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलंसुद्धा, "बघा हो, काय डोकं आहे." त्याही हसल्या. मग मी फॉर्मकडे बघितलं. पट्टीची उंची, रकाना होता. वेळ, रकाना होता. अक्षरांची उंची, रकाना नव्हता. अक्षरांचा रंग, नव्हता. हे खरं आहे का, असा तर विटेएवढ्या पुस्तकात कुठेच रकाना नव्हता. मी "नियमानुसार" लिहिलं, खाली आकडा टाकला, सात, कारण आम्ही नाव लिहीत नाही, तपासनीस क्रमांक लिहितो, आणि डबा उघडून जेवले. नीट आठवतंय, त्या दिवशी मला सपाटून भूक लागली होती.

घरी आल्यावर मी ती हिरवी बाटली मोरीत ओतली. गुळासारखा वास आला. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. "ओतू नकोस गं, अर्धी शिल्लक आहे." "अप्पा, हे गोड पाणी आहे! तो डॉक्टर नाही, नट आहे नट! हेच पाणी विकत बसला आहे मेला!" "असं कसं?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, खरोखरीचं नवल होतं. "खोटं असतं तर दाखवलं असतं का? तुमचं हापीस तपासतं ना सगळं? तू बसतेस ना तिथे? मी तर शेजारच्यांनाही सांगितलं, आमची मुलगी तपासते, तिथून काही वेडंवाकडं सुटायचं नाही." मी नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज होईल तेवढा होऊ दिला. बाटली धुतली, परत धुतली, फेकून द्यायच्या बाटलीला कोण इतकं घासतं? आणि मनात एकच, यांना कळता कामा नये. नजर गेली ती गेली, निदान हे तरी शिल्लक राहू दे. केवढा हा आप्पलपोटेपणा, पण मला त्या क्षणी तेच वाटलं.

दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो, दर रविवारी दहा मिनिटं फोन करून मुलगा असल्याचं कर्तव्य उरकतो आणि कुठल्याही गोष्टीवर मत देतो. त्याला सगळं सांगितलं, मी पास केल्याचा भाग सोडून. लगेच त्याचं नेहमीचं सुरू. "तुमचं ते खातंच बंद करायला पाहिजे. सरकारने काय काय बघायचं? उद्या माणसाने नाक कसं शिंकरावं तेही सरकार ठरवणार? ज्याची त्याची अक्कल असते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग अप्पांना अक्कल नव्हती, असं म्हण ना. म्हण!" "मी तसं म्हटलं नाही." "तसंच म्हटलंस. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस, त्याला अक्कल नाही, आणि तू दोन मोबाइल घेऊन फिरतोस म्हणून तुला आहे. अरे, पांढरा कोट घालून, तोंडावर आई-बाबा म्हणून, रोज दुपारी तासभर कुणी तुझ्या घरात येऊन बसलं ना, तर तूसुद्धा दुसऱ्या महिन्यात बाटली उघडशील. त्यांच्याकडे दहा माणसं बसलेली असतात, म्हाताऱ्याला कसं पटवायचं याचाच विचार करायला. म्हाताऱ्याच्या बाजूने कोण बसलंय?" दादा म्हणाला, "तू बसली होतीस ना?" त्याने ते सहज म्हटलं, त्याला काही माहीत नव्हतं. मी फोन ठेवला.

दादाला जे सांगायला हवं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि रागाच्या तळाशी तेच कुजत पडलं होतं. दादाच्या म्हणण्यात काहीच नाही असं असतं तर किती बरं झालं असतं. पण अकरा वर्षांपूर्वी एक कापडी बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा, शनिवारी संध्याकाळी. ढेरपोट्या मंत्र्याची बाहुली होती, ती फायली खायची आणि ढेकर द्यायची. आई गेल्यानंतर घरात हसण्याचा आवाज म्हणून नव्हता, तो त्या बाहुलीने परत आणला. अप्पा मांडीवर थाप मारून हसायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे, मग भिंग पुसायच्या मऊ फडक्याने डोळे पुसायचे. एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "वरून विचारणा झालीय. जरा नीट तपासा." एवढंच. बंद करा, असं कुणीही म्हटलं नाही, असं कधी कुणी म्हणत नाही. मी नीट तपासलं. हा कार्यक्रम काल्पनिक आहे, अशी पट्टी लागायची, तिलाही नियम वीसचाच. अठरा मिलिमीटर. दोन कमी. मी अठरा लिहिलं, कारण अठराच होते. सात नंबर. पंधरा दिवसांनी कार्यक्रम गेला. शनिवारी अप्पांनी टीव्ही लावला, वेळेच्या आधी दोन मिनिटं, आणि तिथे कुणीतरी दागिने दाखवत होतं. "का गं बंद झालं?" त्यांनी विचारलं. "काहीतरी तांत्रिक असेल," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

म्हणजे हसवणाऱ्याचे दोन मिलिमीटर मला सापडले आणि डोळे काढणाऱ्याचे मला सापडले नाहीत, कारण त्याच्याकडे पूर्ण वीस होते. ही माझी बावीस वर्षांची नोकरी. मग काय करायचं? सरकारने हात काढून घ्यायचा? मग दीड वाजता पांढरा कोट आणि अडीचला दुसरा पांढरा कोट, किडनीचा. सरकारने हात आवळायचा? कुणाचा हात? आमच्या साहेबाचा, ज्याच्या टेबलावरचा फोन वाजला की तो उभं राहून बोलतो? त्याला उद्या खरं-खोटं ठरवायचा अधिकार दिला तर पहिला खोटा कोण ठरेल हे मला ठाऊक आहे, कापडाचा असेल आणि ढेकर देत असेल. मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते. कणीक मळत होते आणि ती दगडासारखी झाली तरी मळत होते. आणि तरीसुद्धा, तरीसुद्धा त्या डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, कुणाचं कामच नाही का हे? आजी-आजोबांचे डोळे चाललेत आणि आपण हात कुणाचा यावर वाद घालतोय. चौथे, त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे पाचवा आज दुपारी दीडला बाटली उघडत होता.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब माणूस वाईट नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यात आधी शिपायाला देणारा माणूस. मी नजरेच्या नकाशाची प्रत टेबलावर ठेवली आणि सांगितलं, हा कार्यक्रम थांबवायला हवा. त्यांनी नकाशा उलटसुलट बघितला. "वडील? अरे अरे. फार वाईट झालं." मग फाइल मागवली. पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि हळूच फाइल माझ्याकडे वळवली. "नियमानुसार. तपासनीस सात. सात म्हणजे आपणच ना, बाई?" "हो." "मग?" "मग माझं चुकलं." "चुकलं कुठे? वीस आहेत ना? नियमात बसतंय ना? तुमचं काहीच चुकलेलं नाही, मी तर म्हणतो आदर्श तपासणी." असा राग आला मला, की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी बरं. "साहेब, लोक आंधळे होताहेत." "हे बघा," ते खुर्चीत पुढे झाले, "आपण आपल्याच पास केलेल्या कार्यक्रमावर बोट ठेवलं तर वर काय होईल? चौकशी तुमची. तीन वर्षं राहिलीत तुमची. आणि पुढचं सांगू? खात्याला जमत नाही म्हणून नवा नियम येईल, सगळंच आधी दाखवून घ्या म्हणून. बातम्या, नाटकं, सगळं. तुम्हाला ते हवंय?" माझ्याच मनातली भीती त्यांनी अशी अलगद उचलून माझ्यापुढे ठेवली. "मला तो एक कार्यक्रम बंद व्हायला हवाय." "मग तक्रार येऊ दे. प्रेक्षकाची. तक्रार आली की फाइल उघडावीच लागते, तो नियमच आहे." आणि ते हसले, कारण दोघांनाही माहीत होतं की तक्रारी कशा संपतात. निम्म्या अर्जांचा निकाल पहिल्याच पानावर लागतो. तक्रारदाराची सही चौकटीच्या आत हवी. रेघेला लागली की अर्ज बाद. म्हाताऱ्यांच्या सह्या हमखास बाहेर जातात. त्या बाद करायचं कामही, जागा रिकामी होती तेव्हा, मी दोन वर्षं केलंय. फूटपट्टी लावून.

मी टेबलाच्या खणातून कोरा अर्ज घेतला, फूटपट्टी पर्समध्ये टाकली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अप्पा त्यांच्या टेबलाशी बसले होते. दुकान सोडलं तेव्हा आणलेले छोटे खण समोर, आणि हातात एक जुनं मनगटी घड्याळ, पाठीचं झाकण काढलेलं. बघत नव्हते. अंगठ्याने झाकणाची आतली बाजू चाचपत होते. ते काय शोधत होते ते मला कळलं. घड्याळ दुरुस्त केलं की अप्पा झाकणाच्या आत सुईने खूण आणि तारीख कोरायचे. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही. पण घड्याळ परत बिघडून आलं की झाकण उघडणाऱ्याला समजतं, आधी कुणाचा हात लागला होता. सगळे घड्याळजी असा छोटा आकडा कोरतात, पण अप्पा आकडा नाही, नावाचं पहिलं अक्षर कोरायचे, आणि लहानपणी मी विचारलं होतं, का, तर म्हणाले होते, आकडा कुणाचाही असू शकतो.

"लवकर आलीस?" "तक्रार करायचीय, अप्पा. त्या कार्यक्रमाची. तुम्ही करायची." मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, जाऊ दे म्हणतील, या वयात कशाला म्हणतील. त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "लिही," ते म्हणाले. "सगळं लिही. बाटली डब्यात टाकणारी ती बाई लिही. तिला बघून मी टाकली. माझ्यासारखीच दिसत होती गं, माझ्याच वयाची. तिला काय मिळालं असेल?" त्यांचा आवाज चढला, तो मी कित्येक वर्षांत चढलेला ऐकला नव्हता. "मला फसवलं याचं नाही वाटत. माझ्याच हाताने करायला लावलं, त्याचं वाटतं. हे हात आहेत गं माझे!" मी लिहीत गेले. कार्यक्रमाची वेळ, तारीख, झालेला अपाय. अपायाला रकाना अर्ध्या बोटाचा. मी समासात लिहिलं, मागच्या पानावर लिहिलं. मग शेवटचा रकाना आला, तपासणीचा तपशील, माहीत असल्यास. मी थांबले. पेन टेकवलं आणि उचललं. "काय झालं?" अप्पांनी विचारलं. ज्यांना दिसत नाही त्यांना थांबणं फार लवकर ऐकू येतं.

"इथे लिहायचंय, कुणी पास केलं ते." "तुमच्यात लिहितात का?" "नंबर लिहितात. सात." "सात म्हणजे कोण?" समोरचं घड्याळ टिकटिकत होतं. मला माहीत होतं, मी नुसतं माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मानलं असतं. त्यांनी माझं सगळंच मानलं होतं, तेच तर झालं होतं. "मी, अप्पा," मी म्हटलं. "सात म्हणजे मी. पट्टी वीस मिलिमीटर होती. अक्षरं बारीक होती, ती मला दिसली होती, वाचता येणार नाहीत हे कळलं होतं. मी हसले आणि पास केलं."  त्यांचा चेहरा माझ्याकडे होता आणि नजर दाराच्या कडीकडे, आणि मला त्या नजरेच्या समोर जाऊन बसावंसं वाटत होतं, त्या बांगडीहून लहान गोलात, पण हलायचं धैर्य झालं नाही. मग त्यांनी टेबलावर हात फिरवला, ते झाकण सापडेपर्यंत. "मग नंबर कशाला?" ते म्हणाले. "नाव घाल."

मी नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. अक्षरं मोठी आली, रकान्यातून बाहेर. "घातलं?" "घातलं." अप्पांनी पेनासाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "ते बाहुल्यांचं," त्यांनी विचारलं, "तो मंत्री होता बघ, ढेकर देणारा. ते पण तूच?" मला वाटलं होतं ते विसरले असतील. "हो." "ते चांगलं होतं गं," अप्पा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. "ते कशाला बंद केलंस?"  दोन मिलिमीटर कमी होते, हे उत्तर अकरा वर्षं मला उत्तर वाटत आलं होतं. मी रडत होते का? असेन. राग आला की मला रडू येतं आणि रडू आलं की आणखी राग येतो. अप्पांनी पेन घेतलं. "कुठे करायची सही?" "चौकट आहे. रेघेला लागली तर बाद करतात." "कोण करतं?"  मी पर्समधून फूटपट्टी काढली, चौकटीच्या खालच्या रेघेवर आडवी धरली आणि त्यांचं बोट तिच्या कडेवर टेकवलं. स्टील गार होतं. त्यांनी तिची कड एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, काम हातात घेण्याआधी चाचपायचे तशी. "हलवू नकोस," ते म्हणाले. मी पट्टी दाबून ठेवली आणि अप्पांनी तिच्यावरून हळूहळू, एकेक अक्षर करत, सही केली.